मुलांना गोष्ट पूर्ण सांगावी

लहान मुलांना विश्वासाचे धडे देण्यासाठी बायबलमधील गोष्टींसारखे दुसरे साधन नाही. दानीएल आणि सिंह, दाविद आणि गल्याथ, नोहाचे तारू या गोष्टी मुले एकदा ऐकतात आणि जन्मभर विसरत नाहीत. म्हणूनच त्या सांगताना आपण मुलांच्या मनात नेमके काय पेरतो, याचा विचार करायला हवा.

बहुतेक गोष्टींच्या शेवटी आपण एक तात्पर्य जोडतो: देवाची आज्ञा पाळली की देव आपले रक्षण करतो. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. मी कॉमर्सची विद्यार्थिनी आहे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मुलांच्या पाठांचे भाषांतर करताना मला वाटते, की हे तात्पर्य विश्वासालाही तसाच हिशेब बनवते. इकडे प्रार्थना जमा केली, की तिकडून संरक्षण मिळालेच पाहिजे.

मग एक दिवस घरात आजी आजारी पडते. मूल रोज रात्री हात जोडून प्रार्थना करते. आजी जाते. आता त्या मुलापुढे दोनच उत्तरे उरतात: एक तर माझी प्रार्थना कमी पडली, नाही तर देवाने शब्द मोडला. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पण ती त्या मुलाने स्वतः शोधलेली नाहीत, ती आपण शिकवलेल्या हिशेबातून आली आहेत.

पवित्र शास्त्र मात्र असा हिशेब मांडत नाही. दानीएलच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पाहा. नबुखद्नेस्सर राजाने ६० हात उंच मूर्ती उभी केली. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो तिच्यापुढे वाकले नाहीत, म्हणून त्यांना धगधगत्या भट्टीत टाकले आणि देवाने त्यांना वाचवले. हे आपण सांगतो. पण भट्टीत जाण्यापूर्वी ते राजाला काय म्हणाले, हे घाईत राहून जाते. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही, असे त्यांच्या उत्तराचे सार आहे. गोष्टीचा प्राण त्या ‘तरी’मध्ये आहे. तो वगळला तर उरतो फक्त चमत्कार.

प्रेषितांच्या कृत्यांचा १२वा अध्याय तर याहून स्पष्ट आहे. पेत्र तुरुंगात असतो, मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते, देवदूत येतो आणि बेड्या गळून पडतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, दुसऱ्याच वचनात, योहानाचा भाऊ याकोब हेरोदाच्या तलवारीने मारला जातो. दोघेही येशूचे शिष्य, दोघेही बारा जणांपैकी. एक सुटला, दुसरा सुटला नाही. याकोबाचा विश्वास कमी होता, असे शास्त्र कुठेही म्हणत नाही.

काही पालक विचारतील, “एवढ्या लहान वयात हे कशाला? मुले घाबरतील.” ही काळजी योग्य आहे. चार वर्षांच्या मुलाला तलवारीचे वर्णन करायची गरज नाही. पण “याकोब वाचला नाही, आणि त्याच्या मित्रांना फार वाईट वाटले,” एवढे त्याला नक्की सांगता येते. लाजराच्या कबरेजवळ प्रभू येशू स्वतः रडला, हेही सांगता येते. मुलांना दुःख माहीत असते. त्या दुःखाला देवाच्या गोष्टीत जागा आहे की नाही, हे त्यांना माहीत नसते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट तर वधस्तंभाचीच आहे. गेथशेमाने बागेत येशूने विनंती केली, की शक्य असेल तर हा प्याला टळावा. तो टळला नाही. तरीही त्याने पित्याला पिताच म्हटले. ज्या विश्वासाच्या केंद्रस्थानी ही प्रार्थना आहे, तो ‘मागितले की मिळते’ एवढ्यावर उभा राहू शकत नाही.

आपल्या मराठी मुलांना याचे जवळचे उदाहरणही देता येईल. केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरीही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः देह ठेवला. त्यांचा विश्वास हिशेबाचा असता, तर मुलगी गेली त्या दिवशीच लेखणी खाली पडली असती.

म्हणून पुढच्या वेळी गोष्ट सांगताना शेवटचे तात्पर्य थोडे थांबवू या. मुलाला विचारू या: “देवाने त्या तिघांना वाचवले नसते, तर ते चुकले असे तू म्हणशील का?” उत्तर लगेच येणार नाही. येऊ नये. मूल विचार करत असेल, तेव्हा आपण शेजारी बसून राहावे. “मलाही सगळे कळत नाही, पण देव आपल्याला सोडत नाही,” असे प्रामाणिकपणे सांगणारे आई-बाबा किंवा शिक्षक मुलाला कठीण दिवसांत आठवतात. तेव्हा त्याच्या हाती कोरडा हिशेब नसेल, त्याला ओळखणारा देव असेल.