नेम नीट लागला म्हणून

हत्यार करणाऱ्याची जबाबदारी कुठवर धरायची, हा प्रश्न आमच्या गावात लोहाराच्या भात्यापुढं बसल्यावर पूर्वीही निघायचा. कोयता ऊस तोडतो आणि भांडण पेटलं तर माणूसही तोडतो. मग खून झाल्यावर लोहाराला कुणी का विचारत नाही? म्हातारी माणसं म्हणायची, कोयत्याला शंभर कामं, त्यातली नव्व्याण्णव पोटाची. उरलेल्या एकासाठी लोहाराचा भाता विझवता येत नाही. हे उत्तर मला पटत आलं होतं. माझ्या भाच्याच्या उद्योगानं मात्र त्याला भोक पाडलं.

भाचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसवून पुढं शिकला, आता अमेरिकेत टेक्सासला असतो. नोकरी सांभाळून घरच्या गॅरेजमध्ये त्यानं लहान मिलिंग मशीन मांडलंय. त्यावर तो पिस्तुलावर रेड डॉट बसवायचे बेस करतो. रेड डॉट म्हणजे काच बसवलेली काड्यापेटीपेक्षाही लहान डबी. आतला बारीक दिवा काचेवर उजेड टाकतो, काच तो डोळ्याकडं परत पाठवते, आणि बघणाऱ्याला समोरच्या वस्तूवर तांबडा ठिपका दिसतो. या युक्तीचं मूळ १९०० सालचं, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बिणी करणाऱ्या माणसाचं. विजेवरचा ठिपका स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं १९७५ साली आणला.

साध्या पिस्तुलाला मागं खाच आणि पुढं माशी असते. खाच, माशी आणि निशाण, तिन्ही एका रेषेत धरावी लागतात. भाच्यानं हिशेब मांडून दाखवला. खाच आणि माशी यांत १५ सेंटिमीटर अंतर असेल आणि रेष १ मिलिमीटर चुकली, तर १५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. ठिपका असला की ही कसरत वाचते. पण प्रत्येक पिस्तुलाचा वरचा भाग वेगळा, प्रत्येक डबीची स्क्रूची भोकं वेगळी. ती जुळवायला मध्ये धातूची पट्टी लागते, तोच बेस. गोळी सुटली की तो वरचा भाग झटक्यानं मागं जाऊन पुढं येतो. बेस केसभर ढिला राहिला तरी ठिपका एकीकडं आणि गोळी दुसरीकडं. तिफणीची पाचर ढिली राहिली की पेर वाकडी जाते, तसंच हे.

तिकडं हे काम कायद्यात बसतं, बेसला कुणी बंदूक म्हणत नाही. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं हत्याराचे भागसुद्धा हत्यारातच धरलेत, परवान्याशिवाय ते करता येत नाहीत. म्हणजे कायद्याचं उत्तर देश बदलला की बदलतं. माझा प्रश्न बदलत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, नेम नीट लागला तर भलतं कुणी मरत नाही. यात वाईट काय?"

यात खरं आहे. आमच्या राधानगरीकडं रानडुकरं आणि गवे पीक लोळवतात. काहींकडं शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते. वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही, तरी चोरून बार निघतात. नेम चुकलेलं डुक्कर जखम घेऊन रानात कुजत मरतं, त्यापेक्षा एका गोळीत गेलेलं बरं. आणि नेम ही गोष्ट मानाचीच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलावर सुवर्णपदक घेतलं, तेव्हा आमच्या पारावरही पेढे वाटले. त्या स्पर्धेत असला ठिपका चालत नाही. तिथं माणसाची नजर आणि हातच तपासायचा असतो.

पण नेम सुधारल्यानं हाताची चूक जाते, मनाची जात नाही. रात्री झुडूप हललं म्हणून डुक्कर समजून बार काढला आणि पलीकडं माणूस निघाला, अशा बातम्या कोकणातून आणि घाटातून येत राहतात. तिथं नेम चुकलेला नसतो. तो बरोबर लागतो, म्हणून तर माणूस जातो. ठिपक्यानं कुठं लागणार ते कळतं, कुणाला लागणार ते नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. हा ठिपका समोरच्याच्या अंगावर पडतच नाही. तो काचेतच असतो, नेम धरणाऱ्यालाच दिसतो. समोरच्याला पत्ताच नसतो. जोंधळ्याच्या माळ्यावर आम्ही गोफण फिरवायचो, तीही घरीच वळलेली. पण दगड सुटायच्या आधी गोफणीचा आवाज व्हायचा, पाखरू उडायचं. दगड पाखराला लागावा असा हेतूच नसायचा. राखण व्हावी आणि पाखरूही जगावं, एवढी जागा त्या हत्यारात होती. पिस्तुलात ती जागा नाही, आणि बेस नीट झाला की उरलीसुरलीही जाते. कोयत्यासारखी याला शंभर कामं नाहीत. कागदाचं निशाण सोडलं तर एकच.

भाच्यानं मग खरी अडचण सांगितली. आजवर त्यानं स्वतःसाठी आणि क्लबातल्या ओळखीच्यांसाठी बेस केले. आता ओळख ना पाळख असा एकजण पोस्टानं मागतोय, पैसेही चांगले देतोय. "द्यावा का?"

आमच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतं. शेजारी दिवसा पंप घेऊन आला तर आपण बाटली मुकाट्यानं काढून देतो. तोच रात्री, पंपाशिवाय, खाली मान घालून मागायला आला तर आपण आधी त्याचं तोंड बघतो, घरात बसवतो, चहा पाजतो, बाटली देत नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. देणाऱ्यानं घेणाऱ्याकडं बघायचं, एवढंच ते आहे. बलुत्याच्या काळात लोहाराची वस्तूही तोंड बघितलेल्या माणसाकडंच जायची. अमुक माणूस दारू पिऊन बायकोवर धावतो, हे लोहाराला ठाऊक असायचं. पार्सलवर नुसता पत्ता असतो.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, काम सोड म्हणत नाही. जे करशील ते केसभरही ढिलं ठेवू नकोस. पण ज्याचं तोंड बघितलं नाहीस, त्याला हे देऊ नकोस.

तो म्हणाला, "मामा, मी नाही दिला तर तो दुसरीकडून घेईल."

घेईल. बाटली मागायला आलेल्यालाही तालुक्याच्या दुकानात ती मिळतेच. तरी आपण आपल्या हातानं देत नाही.