कॉफी : काम्य की नित्य?

पूर्वमीमांसेत कर्माचे तीन भेद मानले आहेत: फळाची इच्छा धरून केलेले ते काम्य, विशिष्ट प्रसंगामुळे करावे लागणारे ते नैमित्तिक आणि वेगळे फळ न मागता रोज करायचे ते नित्य. तरतरीसाठी घेतलेली कॉफी उघडच काम्य ठरते. ठाण्यातील मराठी घरांत जागरणासाठी दुधात जायफळ घालून उकळलेली कॉफी नैमित्तिकाच्या जवळ जाते. येमेनच्या सूफींनीही १५व्या शतकात रात्रीच्या ईशस्मरणासाठी, म्हणजे जिक्रसाठी, हेच पेय जवळ केले होते आणि १५११ मध्ये मक्केत त्यावर बंदी आली, तेव्हा वाद त्याच्या धर्मग्राह्यतेचाच होता.

डोंबिवलीतील तमिळ घरांमधला पहाटेचा फिल्टर मात्र अधिक विचार करायला लावतो. वरच्या सच्छिद्र भांड्यात चिकोरी मिसळलेली पूड हलकेच दाबून त्यावर कढत पाणी ओतले, की दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, थेंबथेंब खाली उतरतो. पूड फार दाबली तर तो अडतो, सैल राहिली तर पातळ होतो, आणि लोकल गाठायची असली तरी त्याला घाई करता येत नाही. मीमांसकांच्या मते काम्य कर्माची सर्व अंगे निर्दोष असावी लागतात, नित्य कर्म मात्र यथाशक्ति केले तरी ग्राह्य असते. चांगल्या कपाची चर्चा बहुधा पहिल्याच कसोटीवर थांबते, आणि ते अपुरे आहे. एखाद्या पहाटे अर्क पातळ उतरला, तरी वेळेवर, घरातल्या प्रत्येकाची साखर लक्षात ठेवून दिलेली कॉफी दुसऱ्या कसोटीवर पूर्ण उतरते.