दुसरा स्पर्श
(आधार : मार्क ८:२२–२६)



आंधळ्यांना दृष्टी मिळाल्याचे अनेक वृत्तांत शुभवर्तमानांत आहेत. परंतु बेथसैदा गावचा वृत्तांत त्या सर्वांहून निराळा आहे. येथे काम दोन पायऱ्यांनी झाले. प्रभूने पहिल्यांदा हात ठेवून विचारले, तेव्हा त्या मनुष्याने सांगितले की आपल्याला माणसे दिसतात खरी, पण ती चालत्या झाडांसारखी भासतात. मग प्रभूने त्याच्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेवले, आणि त्याला सर्व काही स्पष्ट दिसू लागले. प्रभूचे सामर्थ्य पहिल्या वेळी उणे पडले काय? असे मुळीच नव्हे. मग दुसरा स्पर्श कशासाठी? ह्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी, पाहणे म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेऊ.

गोरेगावच्या शिवारात रोवणी आटोपली, धानाने मूळ धरले, म्हणजे बांधी हिरवीगार दिसते. तो हिरवा रंग कोठे असतो? सूर्याचा प्रकाश पानावर पडतो. त्यातला तांबडा व निळा भाग पान बहुतेक गिळून टाकते आणि हिरवा भाग अधिक प्रमाणात परत धाडते. तो प्रकाश बाहुलीतून आत शिरतो, भिंगातून जातो आणि डोळ्याच्या आतील पडद्यावर बांधीचे चित्र उमटवतो. हे चित्र उलटे असते. आभाळ खाली व बांध वर. ही गोष्ट केप्लर नावाच्या ज्योतिर्विदाने १६०४ साली दाखवून दिली. त्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी आहेत. दंडाच्या आकाराच्या सुमारे १२ कोटी पेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंगांचा भेद कळत नाही. शंकूच्या आकाराच्या सुमारे ६० लाख पेशी तीन प्रकारच्या असून रंगाचे काम त्यांच्याकडे आहे. म्हणूनच फाल्गुनात दिवसा पेटल्यासारखा दिसणारा पळस चांदण्या रात्री करडा दिसतो. फूल तेच असते. परंतु शंकूंना पुरेल इतका प्रकाश नसतो.

एवढ्यानेही पाहणे पुरे झाले नाही. प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० लाख तंतूंची एक नस मेंदूकडे जाते. त्या तंतूंतून प्रकाश वाहत नाही आणि रंगही वाहत नाही. वाहतात ते केवळ विजेचे सूक्ष्म इशारे. ते मार्गातील ठाण्यांतून डोक्याच्या मागील भागी पोहोचतात. कवटीच्या आत तर काळोख आहे! त्या काळोखात बसून मेंदू त्या इशाऱ्यांची जुळणी करतो, आणि तेव्हा आपण म्हणतो, "बांधी हिरवी आहे." म्हणजे डोळा निरोप आणतो, निरोपाचा अर्थ लावणारा दुसराच आहे.

निरोप निराळा असेल तर दिसणेही निराळे असते. आपल्या जवळच्या नागझिऱ्याच्या रानातील वाघ आपल्याला नारिंगी दिसतो. पण चितळाच्या डोळ्यात रंगाचे शंकू दोनच प्रकारचे असल्यामुळे त्याला तोच वाघ गवताच्या रंगात मिसळलेला दिसतो. माणसांतही काहींना जन्मतः तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद कळत नाही. जॉन डाल्टन ह्या विद्वानाने १७९४ साली आपल्या स्वतःच्या अशा दृष्टीचे वर्णन लिहून ठेवले. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. तिला स्वतःला मात्र सर्व रंग नीट दिसत असतात. म्हणून पिकली मिरची कोणती व हिरवी कोणती, हे एखाद्या मुलाला सांगता आले नाही, तर त्याला मठ्ठ म्हणून मारू नका. आणि कोणीही सुनेला बोल लावू नये. रक्तातून काय यावे, हे कोणत्याही आईने निवडलेले नसते.

आता मुख्य गोष्टीकडे या. अर्थ लावण्याची ही विद्या मेंदूला जन्मतःच पुरी येत नाही. ती त्याला शिकावी लागते. १६८८ साली विल्यम मॉलिन्यू नावाच्या गृहस्थाने लॉक ह्या तत्त्ववेत्त्याला पत्राने एक प्रश्न विचारला. त्याची स्वतःची पत्नी आंधळी होती. प्रश्न असा : जन्मांध मनुष्याने गोळा व घन हे हाताने चाचपून ओळखले आहेत, त्याला एकाएकी दृष्टी आली, तर न चाचपता, नुसत्या पाहण्याने, तो त्यांना ओळखील काय? तीनशेहून अधिक वर्षे विद्वान वाद घालीत राहिले. त्या वादावर मोठा प्रकाश पडला तो आपल्याच देशात. पवन सिन्हा ह्यांच्या 'प्रकाश' नावाच्या उपक्रमात उत्तर भारतातील आंधळ्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा घेतली, तिचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. दृष्टी आल्याबरोबर, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना जमले नाही. डोळे उघडले होते, पण हाताची ओळख डोळ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. थोड्याच दिवसांत मात्र ते त्यांना जमू लागले.

ह्या शिक्षणाला ऋतू आहे. ह्यूबेल व वीझेल ह्या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा लहानपणी काही काळ बंद ठेवून पुढे उघडला. डोळा निरोगी होता. तरी त्या डोळ्याचा निरोप घेण्यास मेंदू शिकलाच नव्हता. ह्यांना व आणखी एका शास्त्रज्ञाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोवणीची वेळ टळल्यावर बांधीत कितीही पाणी सोडले, तरी पीक भरघोस येत नाही, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहा. आजीला मोतीबिंदू झाला, आपण वाट पाहिली, पिकल्यावर काढला, आणि आजीला दिसू लागले. म्हणून तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरे दिसले, तरी आपण म्हणतो, "मोठा होऊ द्या, मग बघू." प्रियहो, ही तुलना घातक आहे. आजीचा मेंदू साठ वर्षांपूर्वीच पाहणे शिकला होता. तिच्या खिडकीवरचा पडदा तेवढा काढायचा होता. बाळाने अजून काही पाहिलेच नाही. जन्मतः दाट मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत व्हावी, असे नेत्रवैद्य सांगतात. बाहुलीत पांढरेपणा दिसणे, डोळे सतत भिरभिरणे, दोन-तीन महिन्यांचे बाळ आईच्या तोंडाकडे न पाहणे, ही चिन्हे दिसताच दवाखाना गाठावा. तिरळेपणाला भाग्याचे लक्षण समजून बसू नये. तिरळ्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा मंद होतो. बालकांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम २०१३ साली आपल्या राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांतून मुले तपासतात, आणि जन्मजात मोतीबिंदूही त्यांच्या यादीत आहे. उपदेशक बंधूंनो, घरोघर जाता तेव्हा पाळण्यातही डोकावून पाहा.

आणि शस्त्रक्रियेनंतर? तेथे दुसऱ्या स्पर्शाची गरज लागते. चष्मा लावावा लागतो. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून मंद डोळ्याला कामाला लावावे लागते. मूल रडते, पट्टी ओढून काढते. शेजारी म्हणतात, "पैसा पाण्यात गेला." अशा वेळी धीर सोडू नका. ज्याची वेळ टळून गेली, त्यालाही टाकून देऊ नका. पूर्ण दृष्टी नाही आली, तरी 'प्रकाश'मधील मुलांप्रमाणे तो पुष्कळ शिकू शकतो.

आता बेथसैदाच्या मनुष्याकडे परत पाहा. त्याला भिडेखातर असे म्हणता आले असते की, सर्व ठीक आहे. लोक आनंदाने घरी गेले असते, आणि तो जन्मभर माणसांना झाडे समजत राहिला असता. परंतु जेवढे दिसले तेवढेच त्याने सांगितले. त्याच्या त्या खऱ्या उत्तरानंतर दुसरा स्पर्श झाला. आणि प्रभू त्याच्यावर रागावला नाही. अर्धे पाहणाऱ्याला त्याने अर्ध्यावर सोडले नाही.

आपल्या मंडळीत नुकताच आलेला मनुष्य जर शेजाऱ्याला अजून बंधू म्हणून ओळखीत नसेल, जात पाहत असेल, जुने वैर पाहत असेल, तर त्याचा डोळा उघडलाच नाही, असा निकाल देण्याची घाई करू नये. त्याला पाहणे शिकायचे आहे. आणि आपल्यांतील जे वीस वर्षे पाहत आहेत, त्यांनी स्वतःला विचारावे : वेशीबाहेर उभी असलेली ती विधवा, तो कर्जबाजारी, मला माणूस दिसतो, की चालते झाड? उत्तर झाड असे असेल, तर ते लपवू नये. जसे आहे तसे प्रभूपुढे सांगावे, आणि पुन्हा त्याच्या हाताखाली उभे राहावे.