दहाव्या वर्षीचे वचन

मुलाला बालवीर पथकात घालावे की नाही, हा बहुतेक घरांत प्रश्न म्हणून उभाच राहत नाही. शाळेतून एक छापील चिठ्ठी येते, तिच्यावर वडिलांची सही होते, गणवेशाचे कापड आणले जाते आणि पहिल्या शिबिराची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नोंदवली जाते. खर्च किती, अभ्यास किती बुडेल, पोरे नदीवर तर जाणार नाहीत ना, एवढ्या चौकशीवर पालकांची काळजी संपते. परंतु त्या गणवेशाबरोबर एक निराळी गोष्ट घडत असते. दहा वर्षांच्या मुलाकडून, तीन बोटे उंचावून, एक वचन घेतले जाते. आणि ते घेणारी माणसे त्याच्या घरातील नसतात. कुटुंबाने आधी जाणून घ्यावे असे जे काही आहे, त्याचा उगम येथे आहे.

हे वचन आले कोठून? बोअर युद्धात १८९९-१९०० साली माफेकिंगचा वेढा लढवून नाव कमावलेल्या रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. प्रतिष्ठित निवासी शाळांतील मुले आणि कामकरी घरांतील मुले तेथे एकाच तंबूत झोपली. त्या काळच्या इंग्लंडात ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले आणि ठिकठिकाणच्या मुलांनी ते वाचून आपापली पथके आपणच उभारली. चळवळीचे हे मूळ रूप उत्साहाचे होते, हुकमाचे नव्हते. मात्र तिचे नियम लिहिणारा माणूस सेनानी होता. स्काउटाने आपल्या संघनायकाची आणि स्काउटमास्तरची आज्ञा कोणताही प्रश्न न करता पाळावी, असे त्यातील एक नियम सांगत होता. दुसऱ्या एका नियमाने मुलाची निष्ठा राजा, वरिष्ठ अधिकारी, देश आणि चक्क नोकरी देणारा धनी यांच्याकडे सोपवली होती. आज्ञा देणाऱ्यांच्या यादीत आईवडिलांचा समावेश काही वर्षांनंतर झाला. पहिल्या मसुद्याच्या वेळी ते कोणाला आठवले नव्हते, ही गोष्ट बोलकी आहे.

हिंदुस्थानात १९०९ साली बंगळूरला जे पथक निघाले ते ब्रिटिश आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी मुलांना त्यात जागा नव्हती. ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत आणि पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी त्यानंतर थोड्याच काळात अलाहाबादेस सेवा समितीच्या द्वारे ती जागा निर्माण केली. १९२१ साली बेडन-पॉवेल येथे आले तेव्हा बेझंट यांची संघटना त्यांच्या संघटनेत विलीन झाली. सेवा समिती वेगळीच राहिली. पुढे १९३७ साली भारतीयांविषयीच्या त्यांच्या अवमानकारक उद्गारांनी संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, या धारा ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’मध्ये एकत्र आल्या, आणि १९५१ मध्ये मुलींच्या गाइड चळवळीनेही त्यात प्रवेश केला. हा इतिहास केवळ संस्थांच्या जोडतोडीचा नाही. पारतंत्र्यातील मुलाने परक्या राजाशी निष्ठेचे वचन द्यावे काय, आणि त्याच्या वतीने ते कोणी ठरवावे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. ज्यांनी तो विचारला ते मुलांना घडवण्याच्या कल्पनेचे विरोधक नव्हते. तिच्यावर त्यांची श्रद्धा होती, म्हणूनच त्यांना विचारावे लागले.

भारतात आज सांगितले जाणारे नियम या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. ते नऊ आहेत. विनाप्रश्न आज्ञापालन त्यांत नाही. स्काउट शिस्तप्रिय असतो आणि सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणास साहाय्य करतो, असा नियम तेथे आहे. आज्ञापालन आणि शिस्त यांतील अंतर थोडे नाही. आज्ञा दुसऱ्याच्या तोंडून येते. शिस्त माणसाने स्वतःला लावून घ्यायची असते. तसेच निष्ठेचे. राजा गेला, धनी गेला, आणि ‘स्काउट निष्ठावान असतो’ एवढेच वाक्य उरले. निष्ठावान, पण कोणाशी? नियम ते सांगत नाही. ही रिकामी जागा उदारपणाची आहे, तशीच धोक्याचीही आहे. ती देशाने भरता येते, सत्याने भरता येते आणि पथकावर हुकमत गाजवू पाहणाऱ्या एखाद्या प्रौढ माणसालाही आपल्या नावाने भरता येते. मुलाच्या मनात ती कशाने भरली जात आहे, हे घराने पाहायचे आहे.

वचन देण्याचे वय, हाही विचार करण्याजोगा विषय. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाने केलेला करार निरर्थक ठरतो; सतरा वर्षांच्या मुलाने सायकल विकण्याचा कागद केला तरी न्यायालय तो मानत नाही. मग दहा वर्षांच्या मुलाने ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्याचे वचन द्यावे, याला अर्थ काय? काही विचारी पालक येथेच अडतात आणि त्यांचे अडणे चूक नाही. तथापि वचनाच्या शब्दरचनेत या आक्षेपाचे बरेचसे उत्तर आहे. मूल अमुक करीनच असे म्हणत नाही. शक्य तितका प्रयत्न करीन, असे म्हणते. फळाची नव्हे, प्रयत्नाची ग्वाही. भीष्मप्रतिज्ञेची थोरवी ऐकत वाढलेल्या समाजाला हे वचन कदाचित लेचेपेचे वाटेल. पण भीष्माची प्रतिज्ञा तिचे प्रयोजन संपल्यावरही त्याला बांधून राहिली आणि भर सभेत एका स्त्रीची विटंबना चालली असता त्याला खाली मान घालून बसावे लागले. प्रयत्नाचे वचन माणसाला असे गोठवून टाकत नाही. शिवाय ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा भारतीय वचनात आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ईश्वर न मानणाऱ्यांसाठी वेगळे वचनही आले. ही निवड आहे हे मुलाला सांगितले जाते का, की रांगेत उभे करून सर्वांकडून एकच वाक्य म्हणवून घेतले जाते, हे विचारून घ्यावे.

स्काउटचा पहिला नियम विश्वासाचा आहे: त्याच्या शब्दावर भरवसा ठेवता यावा. येथे एक विषमता सहसा नजरेतून सुटते. विश्वासार्हतेचे वचन देते ते मूल. विश्वास मागणारी प्रौढ माणसे मात्र त्याला तसे कोणतेही वचन देत नाहीत. या विषमतेची किंमत काय होऊ शकते, हे अमेरिकेत दिसले. तेथील स्काउट संघटनेने संशयित पथकप्रमुखांची गोपनीय टिपणे अनेक दशके जपून ठेवली होती. १९६५ ते १९८५ या काळातील अशी बाराशेहून अधिक प्रकरणे ऑरेगन राज्यातील न्यायालयाच्या आदेशाने २०१२ साली उघड झाली. त्यांतील अनेक पोलिसांपर्यंत कधी पोहोचलीच नव्हती. संस्थेची अब्रू आणि पालकांचा संकोच दोहोंनी मिळून ती दाबली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या प्रक्रियेत लैंगिक अत्याचाराचे ब्याऐंशी हजारांहून अधिक दावे दाखल झाले.

हे सर्व परदेशातले, असे म्हणून बाजूला सारणे सोयीचे आहे. पण जेथे मूल घरापासून दूर झोपते, जेथे वडीलधाऱ्याला उलट विचारू नये असे शिकवले जाते आणि जेथे संस्थेचे नाव पवित्र मानले जाते, तेथे देश कोणता याने फारसा फरक पडत नाही. आपल्याकडील घरांत तर ‘सरांना काय विचारायचे?’ हा संस्कारच समजला जातो. विनावेतन झटणाऱ्या माणसाला शंका विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे सज्जन पालकांना मनापासून वाटते. यातील सद्भाव खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. बँकेतील रोखपाल मोजलेली नोट पुन्हा मोजतो, तेव्हा तो समोरच्याला चोर म्हणत नसतो. तंबूत मुलांबरोबर कोण झोपते, कोणी प्रौढ एकट्या मुलाला घेऊन कोठे जाऊ शकतो का, मुलींच्या शिबिरात महिला पथकप्रमुख अखेरपर्यंत असतात का, मुलाला घरी बोलावेसे वाटले तर फोन कोण देतो, पाण्यात उतरण्याची परवानगी कोणाची, चुकलेल्या मुलाला शिक्षा काय होते, हे प्रश्न विचारल्याने चांगल्या पथकप्रमुखाची मान खाली जात नाही. तो त्यांची उत्तरे तयार ठेवतो. जो रागावतो, त्याच्या रागानेच पुष्कळसे कळते. आणि लहान मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. ‘संस्थेतच मिटवू’ हा पर्याय कायद्याने उरलेला नाही.

असे असूनही भिऊन मूल घरी ठेवणे हे उत्तर होत नाही. या पद्धतीचा प्राण सहा-आठ मुलांच्या छोट्या संघात आहे. त्याचा नायक त्यांच्यातलाच एक असतो. तांदूळ किती घ्यायचा हे तीच ठरवतात, भात करपवतात आणि करपलेला खातात. घरात ज्याला पाण्याचा पेला हातात मिळतो, त्या मुलाला येथे सरपण ओले निघाल्याची जबाबदारी घ्यावी लागते. ही शाळा घर देऊ शकत नाही, कारण आईला भात करपू देणे जमत नाही. जे पालक शिबिराच्या मैदानावर संध्याकाळी डबा घेऊन हजर होतात, ते पथकावर अविश्वास दाखवत नसतात. आपल्या मुलावर दाखवत असतात. चौकशी प्रौढांची करावी, मुलाची पाठराखण तंबूपर्यंत करू नये. अनेक घरांत नेमके याच्या उलट चालते.

परीक्षेतील वाढीव गुण आणि पुढे रेल्वेतील राखीव जागा, यांच्या आशेने मुलाला पथकात घालणारेही आहेत. गरीब घराने तशी आशा धरली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार सुखवस्तूंना नाही. फक्त ‘खरी कमाई’ या नावाने मुलांना श्रमाचे दोन पैसे मिळवायला शिकवणाऱ्या चळवळीत मुलाने सेवेची नोंदवही मोठ्यांच्या मदतीने खोटी भरली, तर पहिला नियम त्याने घरीच मोडलेला असतो, आणि तो मोडायला शिकवणारे पथकातले नसतात.

कठोपनिषदातील नचिकेता हाही असाच दुसऱ्याच्या हाती दिलेला मुलगा. वडील यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई दान देत होते. ते पाहून त्याने विचारले, मला कोणाला देणार? दोनदा उत्तर मिळाले नाही. तिसऱ्यांदा वडील संतापून म्हणाले, मृत्यूला. विचार न करता उच्चारलेला तो शब्द मुलाने खरा केला. यम घरी नव्हता. तीन रात्री मुलगा त्याच्या दारात उपाशी बसून राहिला. परत आल्यावर यमाने त्याला गप्प राहायला सांगितले नाही. पाहुणा ताटकळला म्हणून तीन वर दिले. तिसऱ्या वराने नचिकेत्याने मरणाचे गूढ विचारले, ते सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या वराने मात्र त्याने एवढेच मागितले होते, की वडिलांचा राग निवावा, आणि आपण घरी परत जाऊ तेव्हा त्यांनी आपल्याला ओळखावे व आपल्याशी बोलावे.