तळाची ढवळाढवळ

उत्तर कोलकात्यात गालिफ स्ट्रीटवर दर रविवारी सकाळी पाळीव पक्ष्या-माशांचा बाजार भरतो. पिंजऱ्यांचा कलकलाट मागे टाकून माशांच्या दुकानांपाशी आलं, की पसरट भांड्यांत लाल गोळे दिसतात. लांबून वाटावं, कुणी कुंकू भिजवून ठेवलंय. वाकून पाहिलं तर गोळा वळवळतो. दोऱ्याहून बारीक अशा शेकडो कृमींचा तो गुंता असतो. नाव ट्युबिफेक्स. हौशी लोक टाकीतल्या माशांना खाऊ म्हणून ते विकत नेतात.

या कृमींचं मूळ बिऱ्हाड नाल्याच्या चिखलात. तिथे ते डोकं खाली गाडून आणि शेपूट पाण्यात सोडून उभे असतात. वर शेपूट डुलवत प्राणवायू घ्यायचा, खाली तोंडाने गाळ खायचा, आणि विष्ठा वर आणून टाकायची. तळातली माती अशी कणाकणाने वर येते, आणि त्यांच्या बिळांतून वरचं पाणी खाली झिरपतं. बैलाशिवाय चाललेली ही नांगरट.

जमिनीवर हेच काम गांडूळ करतं. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिलं. त्यात एका मनोऱ्यासारख्या विष्ठेचं चित्र आहे, आणि तो मनोरा आला होता हुगळीकाठच्या कलकत्ता बोटॅनिक गार्डनमधून. आपल्याकडे कोकणात ओहोटीनंतर वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, तीही खेकड्यांनी वाळू चाळून मांडलेली असते.

मराठीत ‘ढवळाढवळ’ हा शब्द कुणाच्या कौतुकासाठी वापरत नाहीत. पाणी निवळलं, गाळ खाली बसला, की आपल्याला बरं वाटतं. पण ज्या तळाला कुणीच हात लावत नाही, तिथे प्राणवायू पोचत नाही. माती काळी पडते, कुजते, सडक्या अंड्यासारखा वास मारू लागते. ट्युबिफेक्स घाणीतही तग धरतो. म्हणूनच तो फार झाला की पाणी बिघडलंय असं ओळखावं. आणि तोही उरला नाही, तर तळ मेला असं समजावं.

कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ आहे. २००२ पासून ती रामसर यादीत आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत, म्हणजे भेरींत सोडतात. ऊन, जिवाणू आणि शेवाळ ते पाणी निवळवतात, आणि त्यावर मासे पोसले जातात. त्यांतला मृगळ तळाशी चरणारा. तोंडाने चिखल उकरत तो फिरतो, तेव्हा तळात अडकलेलं खत पुन्हा पाण्यात येतं. ते शेवाळाला मिळतं, आणि शेवाळ इतर माशांना. शहराने नकोसं म्हणून सोडून दिलेलं असं फिरून मासळीबाजारात परत येतं.

त्याच शहराचं बंदर गाळाने बेजार आहे. हुगळीतला गाळ पुढे ढकलला जावा म्हणून १९७५ साली फरक्काचा बंधारा सुरू झाला, तरी गाळ उपसणारी जहाजं अजून थांबलेली नाहीत. बंदराला ते करणं भागच आहे. पण गाळ म्हटला की आपल्याला एकच क्रियापद सुचतं, उपसणे. तळात राहणाऱ्यांना दुसरं ठाऊक आहे, ढवळणे. उपशाने जहाजाला वाट होते, ढवळण्याने तळ जिवंत राहतो.

आज कुणी आपलं बसलेलं मन ढवळलं, तर लगेच रागावू नये. आधी एवढंच पाहावं, की तो काठावर उभा राहून काठी घालतोय, की आपल्याच चिखलात राहून खालचं वर आणतोय. काठी घालणारा पाणी गढूळ करून निघून जातो. दुसऱ्याला मात्र राहू द्यावं.