स्तब्ध जिवाचे गान



दिल्लीत राहणाऱ्याला शांततेचे मोल निराळे सांगावे लागत नाही. राष्ट्रपती भवनाजवळ हेन्री मेड यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेले व १९३१ मध्ये समर्पित झालेले कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आहे. त्याच्या दगडी कमानींखाली गायकवृंद वाद्यावाचून गाऊ लागला की बाहेरची रहदारी जणू ओसरते. टाळ-मृदंगावर आणि रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर पोसलेल्या आपल्या कानांना हे चार स्वरांचे गायन आरंभी परके वाटते. मग मात्र ते मनात उतरते.

आजच्या पवित्र संगीतात एस्टोनियाचे आर्व्हो पेर्ट (जन्म १९३५) यांचे स्थान मोठे आहे. सोव्हिएत राजवटीत, १९६८ साली, त्यांनी ख्रिस्तावरील विश्वास उघडपणे स्वररूपात मांडला आणि शासनाचा रोष ओढवून घेतला. पुढील काही वर्षे त्यांनी फार थोडे लिहिले. जुन्या मठांतील एकस्वरी गायनाचा अभ्यास केला. १९७६ मध्ये नवी रीत गवसली. तीत दोन स्वररेषा असतात. एक सप्तकाच्या पायऱ्यांवरून चढते, उतरते, भटकते. दुसरी तीनच स्वरांना धरून राहते, घंटेच्या नादासारखी. पेर्ट यांच्या मते पहिली माणसाची, त्याच्या पापाची व दुःखाची, दुसरी क्षमेची. दोन्ही एकाच वेळी गायिल्या जातात. म्हणून हे संगीत गोड असूनही उथळ नाही.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना या शांततेसाठी शब्द शोधावा लागतो. स्तोत्र ६२ व ६५ यांच्या आरंभी ‘दुमिय्या’ हा इब्री शब्द येतो. पासष्टाव्या स्तोत्रात तर, मूळ शब्द सरळ वाचले तर, देवापुढील निःशब्दता हीच त्याची स्तुती ठरते. बहुतेक भाषांतरे येथे जरा बिचकतात आणि स्तुती देवाची वाट पाहते, किंवा त्याला शोभते, असे काहीसे करतात. मौनाला स्तवन म्हणणे भाषांतरकाराला जड जाते. गायकाला ते जात नसावे. स्तोत्र १३१ मध्ये आपला जीव निवांत करणारा भक्त स्वतःला दूध तोडलेल्या बाळाची उपमा देतो. पाजत असलेल्या बाळाची नव्हे! दूध तोडताना बाळ किती रडते, हे आयांना विचारावे. ते रडणे सरल्यावर, काहीही न मागता आईजवळ पडून राहणे आले आहे.

तरीही सावध असावे. दाविदाच्या वीणेने शौलाला आराम पडे, हे आपण आवडीने सांगतो. त्याच वीणेचे स्वर चालू असताना शौलाने भाला फेकला, हे सांगत नाही. कान निवला होता, हृदय नव्हे. आमोसाच्या द्वारे परमेश्वराने गीतांचा गोंगाट दूर करा म्हटले, ते बेसूर गाणाऱ्यांना नव्हे. न्याय न करणाऱ्यांना.

मी ज्या मंदिराचा उल्लेख केला, तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर रकाबगंज गुरुद्वारा आहे. १ नोव्हेंबर १९८४ रोजी जमावाने त्यावर हल्ला केला व माणसे जाळली. दगडी भिंतीआड शांतीचे गीत गाताना या शेजाऱ्याचा विसर पडत असेल, तर त्या शांतीला गुंगी म्हणावे लागेल. ११ मार्च २००४ रोजी माद्रिद येथे आगगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मेली. दोन दिवसांनी पेर्ट यांनी शांतीसाठी असलेल्या एका प्राचीन लॅटिन प्रार्थनेला स्वर देण्यास आरंभ केला. ती रचना अतिशय संथ आहे. ऐकणाऱ्याला विसावा मिळतो, पण तो विसावा प्रेतांच्या शेजारी बसून मागितलेला आहे.

होरेब डोंगरावर वारा, भूकंप व अग्नी यांच्यानंतर एलीयाने जे ऐकले, त्यासाठीही इब्रीत ‘दुमिय्या’च्याच कुळातील शब्द आहे: सूक्ष्म, जवळजवळ निःशब्द असा ध्वनी. एलीयाने झग्याने तोंड झाकले व तो गुहेच्या तोंडाशी आला. तेव्हा त्याला प्रथम मिळाला तो प्रश्न, तू येथे काय करतोस. आणि मग आज्ञा, आल्या वाटेने परत जा.