त्या रात्री मला कावीळ झाली होती

दोन वर्षांपूर्वी मी माझ्याच जुन्या शाळेत भाषण दिलं. समोर दहावीची घामाघूम मुलं, आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेला विषय : 'संघर्षातून यशाकडे'. मी नागपुरातल्या एका बँकेत अधिकारी आहे, एवढंच माझं यश. पण नाग नदीच्या काठच्या झोपडपट्टीतून निघून तिथवर पोचलो, म्हणून बोलावलं होतं.

भाषणात मी सगळं सांगितलं. दहा बाय दहाची खोली, पाच माणसं, बाप रंगकाम करायचा, आई चार घरची भांडी घासायची. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात यायचं. (नकाशावर ती नदी आहे, आम्ही तिला नाल्याशिवाय दुसरं काही म्हटलं नाही.) रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यासही सांगितला. तो खोटा होता. आमच्याकडे तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज होती आणि एक पिवळा बल्बही होता. पण अशा भाषणात रस्त्यावरचा दिवा लागतोच. शेवटी म्हणालो, "माझ्या सोबतची बरीच पोरं वाईट मार्गाला लागली. मी पुस्तकांचा मार्ग निवडला." टाळ्या पडल्या.

कुणीतरी व्हिडिओ काढला, तो वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि रात्री गोलीचा फोन आला. फुटबॉल खेळताना तो कायम गोलकीपर असायचा, म्हणून गोली. आता ई-रिक्षा चालवतो.

"भाषण एक नंबर झालं बे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "ते वाईट मार्गाची पोरं म्हंजे मीच ना?"

मी काहीतरी पुटपुटलो. तो हसला. "अन् तू कुठी होता बे तवा?"

मी कुठे होतो, ते भाषणात नव्हतं.

२००९ चा फेब्रुवारी. आम्ही नववीत होतो. वस्तीजवळ रस्त्याचं काम सुरू होतं आणि खणलेल्या चरात जुनी टेलिफोनची केबल उघडी पडली होती. केबलीत तांबं असतं. रात्री तुकडे कापायचे, नाल्याकाठी जाळून वरचं प्लास्टिक काढायचं आणि सकाळी कबाड्याला नेऊन द्यायचं. तो देईल तो भाव. दोन रात्री आम्ही चौघं गेलो. चौघांत मी होतो. करवतीचं पातंही मीच आणलं होतं, बापाच्या सामानातून. माझ्या वाट्याला एकशे साठ रुपये आले आणि त्यातून मी नववीच्या गणिताचं गाइड घेतलं. म्हणजे पुस्तकांचा मार्ग निवडला हे अगदीच खोटं नाही.

तिसऱ्या रात्री मला कावीळ झाली होती. आमच्या नळाचा पाइप नाल्यातून यायचा. सकाळी पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं काळं यायचं. आईने एका बाईकडे नेऊन चुन्याच्या पाण्यात माझे हात धुवून घेतले. पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ उतरली असं ठरलं. ती काही उतरली नाही. मी उसाचा रस पीत, फुटाणे चघळत पडून होतो. रात्री गोली दारात आला. "चलतं का?" आई आतूनच म्हणाली, "त्याले उभं राहता येत नाही अन् कुठी नेऊन राहिला त्याले?" तो गेला.

पहाटे तिघांना पोलिसांनी धरलं. आदल्या रात्री चौकीदाराने चार पोरं पाहिली होती, त्यामुळे चौथा कोण हा प्रश्न आलाच. तिघांनीही नाव सांगितलं नाही. गोलीला तो प्रश्न कसा विचारला गेला, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

तो दीड महिना निरीक्षणगृहात होता. वार्षिक परीक्षा बुडली. शाळा उघडल्यावर त्याची आई वर्गशिक्षकांना भेटायला गेली, तर तिच्या हातात दाखला ठेवला. अल्पवयात हातून घडलेल्या गुन्ह्यामुळे मुलाला पुढे अपात्र ठरवता येत नाही, असं बाल न्याय कायद्यात कलम आहे. २००० च्या कायद्यात होतं, २०१५ च्या कायद्यातही काही अपवाद सोडून आहे. हे मला बँकेत लागल्यावर कळलं. गोलीच्या आईला कुणी सांगणार होतं? मी तोवर बरा होऊन परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. पुढे नोकरीच्या वेळी माझी चारित्र्य पडताळणी झाली. रेकॉर्ड कोरं निघालं.

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली एक प्रश्न मांडला, त्याला 'नैतिक नशीब' म्हणतात. आपण समजतो की माणूस चांगला की वाईट हे त्याच्या हातात असतं, नशिबाचा त्यात हात नाही. नेगेल म्हणतो, तपासून बघा. त्याचं एक उदाहरण मी वाचलं तेव्हा फोन बाजूला ठेवून बसून राहिलो होतो. नाझी छळछावणीवरचा एखादा अधिकारी, नाझी सत्तेवर आलेच नसते तर साधं निरुपद्रवी आयुष्य जगला असता. आणि अर्जेंटिनात निरुपद्रवी आयुष्य जगणारा कुणी, १९३० मध्ये धंद्यासाठी जर्मनी सोडून गेला नसता तर कदाचित छावणीवरचा अधिकारी झाला असता. आमची केबल त्या मानाने किरकोळ. पण अर्जेंटिनातल्या त्या माणसाने शाळेत भाषण दिलं असतं, तर तोही म्हणाला असता की मी चांगला मार्ग निवडला.

इथे माझी अडचण सुरू होते. आमची वस्ती बाबासाहेबांना मानणारी. दीक्षाभूमी आमच्याच शहरात. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा तिथे होते. आमच्या घरात 'नशीब' हा शब्द कुणी उच्चारला की आजोबा भडकायचे. नशिबात होतं म्हणून गटार उपसलं, नशिबात होतं म्हणून गावाबाहेर राहिलो, हे ऐकून ऐकून त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. आणि मी आता त्यांचा नातू उठून म्हणणार की बाबा, मी नशिबाने वाचलो?

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे या जन्मीची स्थिती ठरते, या मताची त्यात चिरफाड आहे. त्यांचा एक मुद्दा असा, की गरीब माणूस गरीब का, याचं उत्तर त्याच्याच मागच्या जन्मात सापडलं की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात. हे वाचताना मला माझं भाषण आठवलं आणि कसंनुसं झालं. मी मागचा जन्म काढला नव्हता, याच जन्मातली मेहनत काढली होती. पण हिशोब तोच. ज्याने कष्ट केले तो वर आला. जो खाली राहिला, त्याने केले नसणार. पाइप नाल्यातून का येतो, हे विचारायचं कारणच उरत नाही. समोर बसलेल्या मुलांपैकी निम्मी तरी तशाच नळाचं पाणी पिऊन आली होती. मी त्यांना सांगून आलो की तुम्ही अडकलात तर दोष तुमचा.

म्हणून नशीब हा शब्द मी वापरतो, पण आजोबांना चिडवणारा तो नव्हे. कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं. पाइप कुठून न्यायचा हे महापालिकेच्या कुठल्या तरी टेबलावर ठरलं होतं. पोरगा धरला गेला तर ठाण्यात सोबत जाणारा, कायदा माहीत असलेला माणूस कोणाच्या घरी असतो, हेही आकाशातून ठरत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कॉलेजात असताना दारू पिऊन गाडी ठोकली होती. काका वकील. तो किस्सा तो पार्टीत हसत सांगतो.

बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र सरकारने काढले, त्यातला हा ग्रंथ असलेला अकरावा खंड १९९२ चा. संपादक वसंत मून, नागपूरचेच. सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात गरिबीत वाढलेले, पुढे सरकारी अधिकारी झाले. 'संघर्षातून यशाकडे' या विषयावर बोलायला त्यांच्यापेक्षा लायक माणूस या शहराला मिळाला नसता. त्यांनी १९९५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'वस्ती'.

माझ्या पिढीने ते वाचावं असं मला फार वाटतं, आणि कारण साहित्यिक नाही. त्यात लेखक सारखा गर्दीत हरवतो. आखाडे येतात, समता सैनिक दल येतं, गिरणीत जाणारी माणसं, भांडणं, लग्नं, सभा. आपण कसे वर आलो हे सांगायला बसलेला माणूस पानंच्या पानं दुसऱ्यांबद्दल बोलत राहतो. कारण त्याला माहीत आहे की वर येणं ही त्याची एकट्याची हालचाल नव्हती. १९४२ च्या जुलैत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तेव्हा मून दहा वर्षांचे होते. भोवतालची माणसं उभी राहत असताना पोरगा उभा राहिला. २००१ मध्ये गेल ऑम्वेट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, त्याचं नाव मात्र 'ग्रोइंग अप अनटचेबल इन इंडिया'. अनुवाद उत्तम आहे, पण नावातून वस्ती गेली आणि वाढणारा एक मुलगा तेवढा राहिला. बाजाराला मुलगा लागतो.

'झुंड' तुम्ही पाहिला असेल. मी आणि गोलीने २०२२ च्या मार्चमध्ये थिएटरात पाहिला. त्याने शिट्ट्या मारून घसा बसवून घेतला. ज्यांच्यावर तो बेतलाय ते विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी त्या पोरांतला सगळ्यात चपळ एक उचलून नेला नाही. स्पर्धा भरवली, आणि शंभराहून जास्त संघ आले. ज्याला खेळता येत नव्हतं तोही आला. चित्रपटात डॉनचा पासपोर्ट पोलीस केसमध्ये अडकतो, तेव्हा गोली शिट्टी मारायचा थांबला होता.

त्या चित्रपटात काम केलेल्या एका मुलाचा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरातच खून झाला. वय विशीच्या आसपास. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर बातमी आली आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'एवढा मोठा चान्स मिळूनही.' पुढे हात जोडलेले इमोजी. मी बराच वेळ काय लिहावं याचा विचार केला आणि काहीच लिहिलं नाही. चित्रपट संपला तरी वस्ती तिथेच असते, पोरगं रात्री तिथेच परततं, हे तीन ओळींत कसं लिहिणार.

मग मेहनतीला काहीच किंमत नाही का? हा प्रश्न मला माझ्या बायकोने विचारला आणि ती चिडली होती. तिने मला बँकेच्या परीक्षेसाठी तीन वर्षं रात्री दोनपर्यंत जागताना पाहिलंय. जॉन रॉल्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये लिहिलं की कष्ट करायची तयारीसुद्धा घर आणि परिस्थिती यांतून घडते, म्हणून तिच्यावरही पूर्ण हक्क सांगता येत नाही. मला हे अर्धंच पटतं. ते जागरण माझं होतं, माझे डोळे जळत होते. ते कुणाला देऊन टाकायची माझी तयारी नाही. पण गोली वीस तास रिक्षा चालवतो त्या दिवसांत त्याचेही डोळे जळतात. मेहनत दोघांनी केली. माझ्या मेहनतीला परीक्षा मिळाली, निकाल मिळाला, पगार मिळाला. त्याच्या मेहनतीपुढे १५ एप्रिलपर्यंत भरायचा रिक्षाचा हप्ता होता.

आणि त्याच्या गप्प राहण्याची किंमत कशात मोजायची? चौदा वर्षांच्या पोराने मार खाल्ला आणि एक नाव सांगितलं नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी तेवढं मोठं काही केलेलं नाही. मी पैसे देऊ केले होते, त्याने शिवी दिली.

हा लेख लिहू का, म्हणून त्याला विचारलं. "लिह ना. पण नाव नको टाकू, पोरगी मोठी होऊन राहिली." मग म्हणाला, "अन् पातं तू आणलं होतं, थे लिहिजो."

या जूनच्या अखेरीस, आमच्याकडे शाळा उशिरा उघडतात तेव्हा, त्याच्या मुलीला पाचवीत घालायचं होतं. त्याच शाळेत. "तू चाल सोबत, तुले वळखतात तिथी," म्हणाला. ऑफिसात मला खुर्ची मिळाली. गोली उभा. मी उठलो, तर तो म्हणाला, "बस ना बे, काऊन तमाशा करतं." मग आम्ही दोघंही उभे राहिलो आणि मुलगी खुर्चीत बसली.

क्लार्क नवीन होता. फॉर्म वाचत रकाने भरत होता. पालकाचं नाव. व्यवसाय.

"शिक्षण?"

"नववी," गोली म्हणाला.

"पास का नापास?"

"परीक्षा देल्ली नाही."

"हा इथेच होता," मी म्हणालो. "माझ्या बाकावर."

"हो का?" क्लार्कने एकदा वर पाहिलं. रकान्यात 'आठवी पास' लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म गोलीच्या पुढे सरकवला.